पाचवी खाच

माझ्या लग्नाची तारीख मला धड आठवत नाही. रुखमा, म्हणजे माझी बायको, त्यावरून दर वर्षी तोंड फुगवते. पण माझी पोरगी दिव्यानी पाय लांब करून बसली की कमरेपासून टाचेपर्यंत किती इंच भरते, हे मला झोपेतून उठवून विचारा. साडेअडतीस. डाव्या पायाला पाव इंच कमी, अपघातानंतर.

मी श्रावण मिस्त्री. जांभूळटोल्याच्या चौकात चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतो, अलीकडे वेल्डिंगही. चंद्रपूरकडच्या मूल शहराच्या पुढे जंगलाला टेकलेलं आमचं गाव. दिव्यानी इथल्या छोट्या डाकघरात ग्रामीण डाक सेवक आहे. दहावीच्या मार्कांवर लागली, कोणाच्या पाया पडली नाही. रोज सकाळी टपालाची थैली आठ किलोमीटरवरच्या मोठ्या डाकघरात न्यायची, तिथली आणायची आणि घरोघर वाटायची. आठातले मधले तीन किलोमीटर जंगल.

गेल्या दसऱ्यानंतर तिची स्कूटी मुरमावर घसरली आणि कमरेतली चकती सरकली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्कूटी बंद, साधी सायकलही बंद. सरळ ताठ बसलं की कमरेवर भार येतो, तेव्हा बसायचं तर मागे रेलून. मग सहा महिने पोरगी खाटेवर आढ्याकडे बघत पडून राहिली. तिच्या जागी बदली माणूस थैली नेत होता. मार्चमध्ये वरच्या ऑफिसातून पत्र आलं, एप्रिलच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. पत्र वाचून ती रडली नाही. मला म्हणाली, "बाबा, ही नोकरी गेली तं मी या खाटेवरून उठणार नाई." मी तिला ओळखतो. ती खरंच उठली नसती.

त्याच रात्री तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. तीन चाकं, आणि एक गोरा माणूस मागे रेलून, पाय पुढे लांब करून पायडल मारतो आहे.

"हे सायकल नोहे, हे खाट होय," मी म्हणालो.

"मंग खाटच बनवा. चाकं लावून."

बनवली. मोडक्या व्हीलचेअरचे पाइप, पोरांच्या सायकलींची दोन चाकं पुढे, भंगारातल्या मोठ्या सायकलीचं एक मागे. बसायला पाइपाच्या चौकटीवर खाटेची नेवार, म्हणजे जाड सुती पट्टी, विणली. हे सगळं आठ दिवसांत झालं. मग सीट बसवायला दोन आठवडे गेले, आणि तिथे माझा खरा कस लागला.

सीट मागे सरकवली की पाय ताणून कमर ओढली जायची. पुढे घेतली की गुडघे पोटाशी यायचे. अर्ध्या इंचाचा खेळ होता. दिव्यानी बसायची, चार पायडल मारायची, मी विचारायचो, "बरं वाटते का?" ती म्हणायची, "नाई." मी पाना घ्यायचो. दिवसातून वीस वेळा हेच. गिऱ्हाईक पंक्चर घेऊन ताटकळायचं आणि मी त्याच्यावरच खेकसायचो. पाठीला मी आरामखुर्चीसारख्या खाचा केल्या. मागची दांडी ज्या खाचेत पडेल तेवढी पाठ कलते. पहिली खाच म्हणजे ताठ, पाचवी म्हणजे जवळजवळ आडवी. सीटही खाली खाली आणत गेलो, कारण खाली असली की वळणावर गाडी डोलत नाही आणि हिसका बसत नाही. शेवटी जमिनीपासून वीतभर उरली.

पाचव्या खाचेवर तिने डोळे मिटले. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली.

"बरं वाटते का?"

"झोप येऊन राह्यली," ती म्हणाली आणि हसली. रुखमा हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली आणि बघतच राहिली. मी पाचव्या खाचेवर लाल रंगाचा ठिपका लावला. मग माझ्या अंगात आलं. बेअरिंग बदलली, चेनला तेल पाजलं, चाकात रबर बसवलं. गाडी अशी झाली की शेजारून गेली तरी कळू नये. माझी स्वतःची सायकल तेवीस वर्षांची आहे, तिचं मडगार्ड आणि चेनकव्हर असं वाजतं की मी येण्याआधी आवाज पोचतो. दिव्यानी त्यावरून मला नेहमी चिडवते. म्हटलं, पोरीची गाडी तरी मुकी असू दे.

हजर व्हायच्या आधी सरावाचे चार दिवस मी खडखडत तिच्या मागून जंगलातून जाऊन आलो. काही दिसलं नाही, साधं डुक्करही नाही. मला वाटलं, नशीब. सोमवारी ती म्हणाली, "आज एकटी जातो. बाप मागून येते म्हणून लोक हसतात." आठ वाजून दहा मिनिटांनी ती निघाली. थैली मांडीवर, आरसा हँडलला, डोकं नेवारीवर टेकलेलं. मी दुकानातून बघत होतो. गर्वाने बघत होतो, खोटं कशाला बोलू.

नऊला दहा कमी असतील. सोमारीबाई डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली घेऊन आली. गोंडटोल्यातली म्हातारी, सत्तरीची. एरवी ती दुकानाकडे बघतही नाही. त्या दिवशी टोपली खाली ठेवली आणि उभीच राहिली.

"श्रावण, तुझ्या पोरीले काय देल्लं तू?"

"गाडी देल्ली. काऊन?"

"मी जंगलाच्या तोंडाशी मोह येचून राह्यलो होतो. सून उभी होती पाठीशी. तुझी पोरगी माझ्या बाजूनं गेली, मले ऐकूच आली नाई. झुडपावरून निसतं डोक्स दिसलं, सरपटत चाललेलं." तिने हाताने जमिनीपासूनची उंची दाखवली. "मले वाटलं, बकरी होय."

"तुमची नजर गेली, बाई," मी म्हणालो. चिडलो होतो मी. दोन आठवडे घाम गाळलेल्या वस्तूला बकरी म्हणते.

"माझी नजर गेली. त्याची नाई गेली ना. आज सकाळी तळ्याच्या वाटेवर ठसे होते, ओले. आम्ही म्हणून तं लवकर परतलो."

मग तिने टोपली उचलली. जाता जाता म्हणाली, "माझी बहीण कशी बसली होती, तुले माहीत हाय."

माहीत आहे. साऱ्या गावाला माहीत आहे. बारा वर्षांपूर्वी सोमारीची धाकटी बहीण मोह वेचायला एकटीच वाकली होती आणि वाघाने तिला नेलं. तेव्हापासून आमच्याकडे कोणी एकटं वाकत नाही. एक वेचतो, दुसरा उभा राहतो आणि मोठ्याने बोलत राहतो. उभ्या माणसाला वाघ सहसा वाट देतो. वाकलेला, बसलेला माणूस त्याला चार पायांचं काहीतरी दिसतो. हे मला कोणी शिकवलं नाही, आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं आहे. आणि मी, चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस, माझ्या पोरीला जंगलातून आडवी पाठवत होतो, तीही आवाज न करता. चार दिवस काही दिसलं नाही ते नशिबाने नाही, माझ्या फुटक्या मडगार्डमुळे. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

मोबाइल लावला. तिथे रेंज नसते, हे माहीत असून तीनदा लावला. मग सायकल काढली.

दुकान उघडंच टाकलं. शेतं संपेपर्यंत मी कसा गेलो ते आठवत नाही. जंगलाच्या तोंडाशी डांबर संपतं आणि मुरमाचा रस्ता लागतो. एप्रिलची धूळ, पिठासारखी. तिच्यात तीन रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. दोन बाजूच्या, एक मधली. माझ्या गाडीच्या. त्या रेघा बघत मी पायडल मारत होतो. एक किलोमीटर रेघाच रेघा, दुसरं काही नाही. मी स्वतःशी म्हणायला लागलो, म्हातारीने उगाच जीव खाल्ला.

तळ्याची वाट जिथे रस्त्याला मिळते तिथे मी थांबलो. मधल्या रेघेवर पंजा होता. रेघेच्या बाजूला नव्हे, तिच्यावर. म्हणजे आधी माझी पोरगी गेली होती आणि मग तो. पुढे दुसरा पंजा, तिसरा. घाईत टाकलेले नव्हते. शांत चालत गेला होता, तिच्याच रेघेवरून.

रुखमाला काय सांगायचं, हा विचार आधी आला, याची मला आजही लाज वाटते. मग मी सायकलवर बसलो आणि जेवढा जोर होता तेवढा लावला. मडगार्ड खडखडत होतं, चेनकव्हर आपटत होतं. म्हटलं, वाज, आज वाज.

वळण ओलांडलं आणि दिसलं.

रस्ता तिथे सरळ आहे, दोन्ही बाजूंना बांबू. माझ्यापासून पन्नास पावलांवर वाघ रस्त्याच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून बसलेला. त्याच्या पुढे वीस-पंचवीस पावलांवर दिव्यानीची गाडी, थांबलेली. मला नेवारीच्या वर तिच्या डोक्याचा फक्त काळा ठिपका दिसत होता. माझ्या सायकलीच्या आवाजाने वाघाने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि उठला. उठून तो पुढे चालू लागला. तिच्या दिशेने. पाच पावलं, सहा पावलं.

मी ब्रेक मारला आणि चेनकव्हर हाताने गच्च धरलं. आता मला माझी दुसरी चूक कळली. मी त्याच्या मागे होतो. मी जेवढा आवाज करीन तेवढा तो पुढे सरकणार, आणि पुढे माझी पोरगी होती.

आवाज थांबला तसा तोही थांबला आणि खाली बसला.

"बाबा?" दिव्यानीचा आवाज आला. हलकासा. तिने वळून पाहिलं नव्हतं, आरशात सगळं दिसत होतं तिला.

"हाय मी. हलू नको."

"मी चालवली का तो उठते. मी थांबली का बसते. कवाचं हेच चालू हाय."

तिचा आवाज कापत होता, पण शब्द नीट होते. मी विचार करत होतो आणि सुचत काही नव्हतं. उभी राहा म्हणावं, तर त्या सीटवरून उठायची तिची एकच रीत होती, आणि ती मीच शिकवली होती. एका कुशीवर वळायचं, दोन्ही हात जमिनीला टेकायचे, गुडघ्यांवर यायचं आणि मग उठायचं. म्हणजे वीस पावलांवर वाघ असताना चार पायांवर व्हायचं. सोमारीच्या बहिणीपेक्षा वेगळं काय होतं त्यात?

वाघाचं शेपूट हललं. नुसतं टोक. त्याने पुढचे पाय जरा पोटाखाली ओढून घेतले. मांजर पाळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

"दिव्यानी," मी म्हणालो. ओरडलो नाही, दुकानात बोलतो तसं बोलायचा प्रयत्न केला. "मागची दांडी हाताले लागते का?"

"लागते."

"ते चौथीत घे. पाठ पुढी घे, दांडी आपोआप पडते."

तिने हात मागे नेला. खट्ट. डोक्याचा ठिपका वीतभर वर आला. वाघाचं शेपूट थांबलं.

"आता तिसरी."

खट्ट. त्याबरोबर तिच्या तोंडून एक आवाज निघाला, दाबलेला. तिसऱ्या खाचेपासून तिची कमर दुखते. मला माहीत होतं. ती खाच मीच दोन दिवस बघून सोडून दिली होती.

"बाबा, चमक निंगून राह्यली."

"निंगू दे. दुसरी घे, बाई माझी. घे."

दुसऱ्या खाचेला तिला वेळ लागला. दांडी एकदा निसटली आणि पाठ पुन्हा मागे पडली. वाघ पटकन उभा राहिला. मी आयुष्यात देवाजवळ काही मागितलं नाही, त्या क्षणी सगळं मागितलं. मग खट्ट वाजलं, आणि लगेच दुसऱ्यांदा. पहिली खाच. माझी पोरगी ताठ बसली होती. खांदे दिसत होते, वेणी दिसत होती. माणूस दिसत होता.

"आता पाय खाली टेकव. पाठीचा पाइप धर अन् सरळ वर ऊठ. वाकू नको. काई झालं तरी वाकू नको."

ती उठली. कशी उठली ते तिलाच माहीत. उठून ती वळली, त्याच्याकडे तोंड केलं आणि टपालाची थैली दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बोल! मोठ्यानं बोल त्याच्याशी!"

आमच्याकडे अशा वेळी जनावराशी बोलतात, जा बापा, तुझ्या वाटेनं जा म्हणतात. तिला त्यातलं काही आठवलं नाही. तिच्या तोंडातून निघाला तो तिचा रोजचा पाठ. "लच्छू मडावी, शाळेच्या मागं!" ती ओरडली. "पत्रू गेडाम, विहिरीजवळ! बायनाबाई कुळमेथे, पेन्शन! इंदुताई रामटेके, विहारापाशी!" आवाज चढत गेला. एकेक घर, गल्लीच्या क्रमाने. सहा महिने खाटेवर पडून तिने गाव विसरू दिलं नव्हतं.

मी माझी सायकल उचलली, वाजू न देता, आणि रस्त्याच्या उजव्या कडेला गेलो, म्हणजे त्याला डावीकडची बाजू मोकळी राहील. वाघाने तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग त्याला या पोस्टमनचा कंटाळा आला असावा. तो डावीकडे वळला, नाली एका पावलात ओलांडली आणि बांबूत शिरला. पानं वाजली, थोडा वेळ. दिव्यानी पुढची अकरा घरं ओरडतच राहिली. मी जाऊन तिचे हात धरून खाली घेतले तेव्हा गप्प झाली.

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली आणि मीही रडलो, लपवलं नाही.

"चाल घरी," मी म्हणालो. "नोकरी गेली चुलीत."

तिने डोळे पुसले. "थैली साडेदहाच्या आत पोचवा लागते."

"दिव्यानी!"

"तुम्ही पुढी व्हा. वाजवत चाला."

मी फार बोललो तिला. वाघाला बोललो नव्हतो तेवढं. ती ऐकून घेत होती आणि थैलीची दोरी घट्ट करत होती. शेवटी मी पुढे झालो. ती मागे, पहिल्या खाचेवर ताठ बसून. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी थैली काउंटरवर ठेवली. तिथे आम्ही कोणाला काही सांगितलं नाही. परतताना मात्र एका टेम्पोवाल्याला थांबवलं आणि गाडीसकट तिला टेम्पोत चढवलं.

संध्याकाळी रुखमाला सगळं कळलं, सोमारीबाईकडून अर्धं आणि माझ्या तोंडावरून उरलेलं. तिने दिव्यानीचं अंग चाचपून पाहिलं, मग माझ्याशी बोलणं बंद केलं. पोरीला एवढंच म्हणाली, "उद्यापासून जायचं नाई." दिव्यानी खाटेवर उताणी पडली होती, कमरेखाली उशी घेऊन. ती आढ्याकडे बघत म्हणाली, "आई, इथी पडून मी रोज थोडी थोडी मरत होतो. तिथी तं एकदाच भेव वाटलं." रुखमा उठून चुलीकडे गेली.

मी दुकानात गेलो आणि गाडी उलटी केली. सीटखाली ठोकळे घालून ती हातभर वर घेतली. डोलू नये म्हणून पुढची चाकं रुंद केली. बेअरिंगमधलं निम्मं तेल पुसून काढलं. मडगार्डचा एक बोल्ट ढिला केला आणि हलवून पाहिलं. छान वाजत होतं. मागे बांबू लावून त्याला लाल फडकं बांधलं. एवढं होईतो दिव्यानी भिंत धरत धरत आली आणि स्टुलावर बसली.

"खाचांचं काय करता?"

"जंगलात पहिली ठेवजो," मी म्हणालो. "शेतं लागली का पाचवीत टाकजो. तेवढाच आराम."

तिने त्या लाल ठिपक्यावर बोट टेकवलं.

"नाई, बाबा. पाचवी राह्यली तं मी जंगलातही पाचवीतच टाकीन. आठ दिवस काई दिसलं नाई का टाकीन. मी मले ओळखतो." मग म्हणाली, "बुजवा."

मी वेल्डिंगचा चष्मा लावला, तिला तोंड फिरवायला सांगितलं आणि पाचवी खाच भरली. चौथी भरली. तिसरी, दुसरी. लाल ठिपका जळून काळा झाला. लोखंड निवल्यावर दांडी पहिल्या खाचेत टाकली आणि तिला बसवलं. ती ताठ बसली, हँडल धरलं, दोन पायडल मारले. कपाळावर आठी आली, सहा महिन्यांची ओळखीची.

दोन आठवडे जो प्रश्न विचारत होतो तो माझ्या तोंडाशी आला आणि फिरला.

"दुखते का?"

"दुखते."

मी पाना घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. मग मी तिथेच, जिथे दुखत होतं तिथेच, नट आवळला.